टाकून दिलेल्या फोटोतली नथ

ती नथ मी एकदाच हातात धरली, पण आजही डोळ्यांपुढून हलत नाही.

ब्राह्मणपाऱ्यातल्या एका लग्नात नवरीची मोत्यांची नथ गेली. तिच्या वडिलांनी आमच्या ठाण्यात फिर्याद दिली. घास भरवताना नथ आड येते म्हणून नवरीने ती काढली होती. कोणाला दिली? "दीदीलेच दिली असन," एवढंच तिला आठवत होतं. दीदी म्हणजे नवरीला सजवणारी बाई, राहणार गुढियारी. साऱ्या पाऱ्यातल्या, म्हणजे त्या मोहल्ल्यातल्या, नवऱ्या तिच्याच हातून सजायच्या.

तशात ठाण्यात निनावी फोन आला, की ती बाई सदर बाजारात सोनाराकडे दिसली. मी तिला बोलावलं. महिला हवालदारासमोर उलटसुलट विचारलं.

"लेकीच्या पैंजणाची कडी तुटली होती साहेब, ते बसवाले गेली होती. लोकं मले दागिन्यांचं कपाट उघडं सोडून देतात. मी काहून नथ घेऊ?"

खोटं बोलणारा दर वेळी गोष्टीला नवं शेपूट जोडतो. हिचं उत्तर बदललं नाही. सोनारानेही दुजोरा दिला. पण पाऱ्यात व्हायची ती बोंब झाली होती. ठरलेल्या लग्नघरांतून तिला 'येऊ नका' असे निरोप यायला लागले. मला त्या बाईचं फार वाईट वाटलं.

अल्बमसाठी निवडलेले फोटो पाहिले. आधी नथ घातलेली नवरी, मग एकदम मोकळं नाक. मधलं काहीच नाही. फोटोग्राफरकडून कॅमेऱ्याचं कार्ड मागवलं, तर ठाण्याच्या कम्प्यूटरवर नुसते पांढरे चौकोन.

"यानं फोटो उडवले साहेब," आमचा हवालदार म्हणाला. "हा तिले मिळून आहे."

फोटोग्राफर घामाघूम. "सर, सब है इसमें. ये कच्ची फाइल है, आपका कम्प्यूटर दिखा नहीं पा रहा." त्याने कच्चे फोटो दाखवणारं एक छोटं सॉफ्टवेअर टाकलं आणि त्या चौकोनांत अख्खं लग्न उभं राहिलं. अल्बमसाठी न निवडलेले फोटोही होते. घास चावणारी, रडणारी तोंडं तो कोणाला देतच नसे.

त्यातच तो फोटो होता. नवरी नथ पुढे करतेय आणि ती घेणारा हात तिच्या वडिलांचा. दुसऱ्या हाताने ते डोळे पुसताहेत. पुढच्या फोटोत नथ त्यांच्या जाकिटाच्या खिशात चालली होती.

वडिलांना दाखवलं. ते स्क्रीनजवळ वाकले. "पोरगी चालली होती साहेब. मले काहीच ध्यानात नाही." कपाटात टांगलेल्या जाकिटातून पंचांसमोर नथ निघाली. त्या माणसाचा राग आला होता, तो तिथेच विरला.

ठाण्यात त्यांनी बाईपुढे हात जोडले. ती म्हणाली, "इथं नका जोडू भाऊ. चोर पाऱ्यात म्हटलं ना? माफी बी तिथंच मागा."

"हव," ते म्हणाले, आणि घरोघरी जाऊन त्यांनी ती मागितली.

आरोप खोटा ठरला की आम्ही पोलीस फाईल बंद करतो. गेलेलं नाव मात्र जिथे गेलं तिथेच परत द्यावं लागतं, हे मला त्या बाईने शिकवलं.

पुढे त्या घरातल्या धाकटीचं लग्न झालं. मलाही बोलावणं होतं. सजवायला तीच बाई. घास भरवायच्या वेळी नवरीने काढलेली नथ वडिलांनी घेतली, भर मांडवात त्या बाईच्या हातात ठेवली आणि फोटोग्राफरला ओरडून म्हणाले, "भैया, हा फोटो अल्बमात पहिला लाव."