क्लचवरची कुळवाची पास

लग्नानंतर माणसाला अक्कल येते म्हणतात. माझी निघाली असावी, पण वाटेत कुठंतरी पंक्चर झाली. नाहीतर शाळेच्या दारात ज्या गाडीतून उतरताना मी तोंड लपवायचो, तिच्याचसाठी पुढं तीन वर्षं भंगारबाजार हुंगत फिरलो नसतो.

गाडी म्हणजे आमच्या दादांची, म्हणजे वडलांची, पिकअप. बनावट विलायती. पुढं तिघं दाटीनं बसतील एवढी केबिन, मागं उघडा हौदा. ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमाराला जालन्यातल्या एका जिनिंगवाल्यानं ती काढून टाकली आणि दादांनी ती पिंपळगाव रेणुकाईला आणली. तेव्हाच ती म्हातारी होती. पण आमच्याकडं म्हातारं झालं म्हणून कुणाला काम चुकत नाही. कापूस, मोसंबी, कडबा, वऱ्हाड, बाळंतीण, सगळं तिनं वाहिलं.

जे मोडलं ते दादांनी गावात मिळेल त्यानं सांधलं. सीट फाटलं, तर सुंभानं विणलेली बाजेची चौकट आली. दाराचा हँडल तुटला, तर खुराड्याची कडी बसली. एकदा दादा मोसंबीच्या थप्पीवरून पडले आणि त्यांचा डावा गुडघा कायमचा अधू झाला. क्लच दाबायला पायात जोर येईना. मग त्यांनी कुळवाची जुनी पास, म्हणजे मातीतून फिरून झिजलेलं लोखंडी पातं, लोहाराकडून क्लचच्या पेडलाला जोडून घेतली. पेडल वीतभर लांब झालं आणि तेवढंच हलकं. बघायला भयंकर, पण दादा तळपाय नुसता टेकवायचे आणि गिअर पडायचा.

दादांच्या हिशेबी ही गाडी गोठ्यातलीच. पोळ्याच्या आदल्या सांजेला आमच्याकडं खांदेमळणी असते. बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळायची आणि त्यांना म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." बैलांचं झालं की दादा तीच वाटी घेऊन गाडीकडं जात, तिच्या पुढच्या बंपरला तूप-हळद चोळत आणि तेच आवतण तिलाही देत. दुसऱ्या दिवशी बॉनेटवर पुरणपोळी आणि किल्ली देव्हाऱ्यात. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू नाही, तसं हिलाही काम नाही. गाव हसायचं. मी गावापेक्षा जास्त हसायचो, कारण मी शिकत होतो.

शिकून मी जालन्याला कारकून झालो आणि तिथंच मस्तगड भागात बिऱ्हाड केलं. नव्वदनंतर कधीतरी एका लग्नात नवरदेवाला मिरवायला जुनी मोटार आणली होती. मालकानं बॉनेट उघडलं आणि गर्दीला सांगितलं, "एकूण एक पार्ट ओरिजनल." लोकांनी 'अरे वा' केलं. ते 'अरे वा' मला चावलं. पुढं मला या जमातीची माणसं पुष्कळ भेटली. घरात स्वतःच्या सख्ख्या आईला चष्मा नाही, पण गाडीच्या दिव्याची काच विलायतेतलीच पाहिजे. बोलताना डोळे अर्धे मिटतात आणि स्क्रूचं नाव कुलदैवतासारखं घेतात. मी महिन्याभरात त्यांच्यातला झालो.

दादांकडं गाडी मागितली. ते म्हणाले, "चालू हाय की. काय करून राह्यला तिचं?"

"पहिल्यासारखी करतो, दादा."

"म्या घेतली तवापासून ती हाय तशीच हाय." थोडा वेळ त्यांनी तंबाखू मळली. "ने. पण पोळ्याला हित पाहिजे. मला शेतावर जायला दुसरं काय न्हाई."

जालन्यातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं गाडीभोवती एक फेरी मारली आणि मला विचारलं, "साहब, चलके आई ना ये? फिर बीमार कायको कर रै?" मी त्याला ओरिजनलचं महत्त्व समजावून सांगितलं. तो शांतपणे बिडी ओढत राहिला. माझ्यासारखी गिऱ्हाइकं त्यानं पाहिली असावीत.

दादांनी जोडलेलं सगळं मी पहिल्या आठवड्यातच उपटलं. बाजेची चौकट, कडी, क्लचवरची पास. पोत्यात भरून भंगारवाल्याच्या काट्यावर टाकलं आणि हात असे झटकले, जणू घाण काढली.

पहिला पोळा आला तेव्हा इंजिन जमिनीवर होतं. दुसऱ्या पोळ्याला गाडी चालत होती, पण दाराचा हँडल ओरिजनल नव्हता. तसल्या हँडलनिशी गावात शिरणं माझ्या शानेला शोभेना. मी हँडलची वाट बघितली. त्या पोळ्यानंतर आमच्या गावचा एक पाहुणा दादांचा निरोप घेऊन आला. निरोप एवढाच होता, "पोळा झाला म्हणून सांगितलंय." बायको म्हणाली, "मामंजी लोकांच्या बैलगाडीत बसून शेतावर जातात आणि तुमचं दाराच्या कडीवाचून अडलंय." मी तिला म्हणालो, तुला यातलं कळत नाही. हे वाक्य मी त्या तीन वर्षांत इतक्या जणांना म्हणालो की शेवटी कळणारा मी एकटाच उरलो.

हँडल मिळाला तो तिसऱ्या पोळ्याच्या चार दिवस आधी. पोळ्याच्या दिवशी दुपारी निघालो. इस्त्रीचा सदरा, बाजूला बायको, गाडी आरशासारखी. भोकरदनपर्यंत जो तो वळून बघत होता. मीही मधूनमधून आरशात स्वतःला बघत होतो.

गावात शिरलो तर बैल धुवून, शिंगं रंगवून, झुली घालून वेशीतल्या तोरणाकडं निघाले होते. मी हॉर्न वाजवला. एक बैल बुजला आणि त्याच्या मालकानं मला जे म्हटलं ते इथं लिहिता येत नाही. घरासमोर गाडी थांबवली. दादा ओट्यावर काठी घेऊन बसले होते. मला वाटलं, आता उठतील, हात फिरवतील, निदान डोळे पुसतील.

"कवा निघाल्तास?" त्यांनी विचारलं.

"दुपारी. बाराला."

"आज?"

"आजच. तुम्हीच म्हणाला होतात ना, पोळ्याला इथं पाहिजे."

"हित पाहिजे म्हणलो. पोळ्याला जुपून आण म्हणलो न्हाई." त्यांनी काठीनं टायर टोचलं. "सारं गाव बैल सोडून बसलंय, आन तू तिला झाल्ना ते पिंपळगाव पळवून राह्यला. काल आवतण तरी दिलंस का?"

ओट्याशी जमलेले चार-पाच जण फिस्सकन हसले. या हसण्याचा पूर्वी पुढारी मीच होतो. तीन वर्षांत मला वॉशरचे आकार पाठ झाले होते, पण खांदेमळणी आठवली नव्हती.

"बसून तरी बघा, दादा," मी म्हणालो. "बसायला काय हरकत आहे."

ते उठले. काठी मला दिली आणि दरवाजाचा ओरिजनल हँडल दोनदा ओढून पाहिला. दार माझ्यासाठीसुद्धा तिसऱ्या ओढीलाच उघडायचं, तसं ते उघडलं. आत बसले. सवयीनं डावा पाय पुढं गेला आणि हवेतच थांबला. जिथं पास असायची तिथं काही नव्हतं. मग त्यांनी पाय आणखी लांबवून ते छोटंसं, गोल, विलायती पेडल शोधलं आणि दाबलं. पेडल हललं नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून त्यांनी परत जोर दिला. मानेची शीर फुगली. पेडल तसंच. पाय मागं घेऊन ते स्टिअरिंग धरून नुसते बसले.

"चांगली झाली," ते म्हणाले. "आता दुसऱ्याला हाकाय देऊ."

दादा रागावले असते तर मी वाद घातला असता. मला कुणीतरी चोपायला पाहिजे होतं, आणि त्यांनी तर मला शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी पोळ्याची कर, म्हणून त्या दिवशीही दादा गाडी हलवू देईनात. माझी रजा संपली होती. गाडी गोठ्यापुढं ठेवून आम्ही यष्टीनं परतलो. शेवटच्या सीटवर बसून प्रत्येक खड्डा मोजत गेलो. बायको खिडकीतून बाहेर बघून हसत होती, असा मला दाट संशय आहे.

जालन्याला उतरलो तो तसाच भंगारवाल्याकडं गेलो. पास मागितली. त्याला आधी काही समजेना. मग म्हणाला, "साहब, तीन बरस का लोहा पूछ रै. वो तो भट्टी में गया, सलाख बन गई होगी." मग दयेनं म्हणाला, "ओरिजनल पेडल है एक. दूँ क्या?"

म्हणजे आमच्या गावच्या मातीत झिजलेली ती पास आता जालन्यातल्या कुणाच्या तरी स्लॅबमध्ये सळई होऊन बसली होती. मी महिनाभर नव्या बांधकामांकडं बघत चालायचो. वेडेपणा एकदा अंगात शिरला की लवकर उतरत नाही.

पुढच्या रविवारी गावी गेलो. दादांना शेजारी बसवून गाडी लोहाराकडं नेली आणि शेजाऱ्यांकडची मोडकी पास मागून आणली. दादा गाडीत बसून पाय पुढं करत आणि सांगत, "अजून दोन बोटं. तिरपी कर जराशी. हां, बराबर." मी हातोड्याखाली पास धरून होतो. ओरिजनल पेडल भट्टीत लाल व्हायला लागलं तेव्हा मी दुसरीकडं बघितलं, हे कबूल करतो. ते मिळवायला मी हैदराबादपर्यंत गेलो होतो.

लोहारानं शेवटचा ठोका दिला. दादांनी तळपाय टेकवला. क्लच दबला, गिअर पडला, आणि मला खाली ठेवूनच ते शेताकडं निघून गेले. मी आणि लोहार धूळ बघत राहिलो.

पुढच्या वर्षी मी खांदेमळणीच्या आधीच गावात हजर होतो. दाराला परत कडी आली होती. माझा विलायती हँडल दादांनी गोठ्याच्या खांबाला ठोकून त्याला कासरा अडकवला होता, आणि तिथं तो एका ओढीत काम देत होता. बैलांचं झाल्यावर दादा वाटी घेऊन गाडीकडं गेले. आधी बंपरला तूप-हळद चोळली, मग दार उघडून, वाकून, पासेला. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

मग उरलेल्या तुपाचं बोट माझ्या मनगटाला पुसत म्हणाले, "तू बी ये जेवायला. हितंच हाईस म्हणून सांगून राह्यलो, न्हाईतर जाशील कुठं पार्ट हुडकायला."