डोकं परदेशी, हात इथेच

विमा कंपनीच्या त्या कचेरीत कुणाचं पोट दुखलं तर तो दवाखान्यात जायचा. पण कुणी जिन्यात उभं राहून "डॉक्टर" अशी हाक मारली, की तळमजल्यावरच्या यंत्रखोलीतून बारा महिने स्वेटर घालणारा एक गृहस्थ बाहेर यायचा. स्वेटर अशासाठी, की संगणकांना गरम होऊ नये म्हणून ती खोली थंडगार ठेवावी लागायची. संगणकांची जितकी काळजी घेतली जायची तितकी माणसांची घेतली जात नसल्यामुळे बाकीच्या मजल्यांवर सगळे घामाघूम असत. आणि डॉक्टर अशासाठी, की बिघडलेल्या यंत्राला हा गृहस्थ आधी कान लावायचा, मग ज्याचं यंत्र त्याच्याकडे वळून गंभीरपणे विचारायचा, "किती दिवसांपासून आहे हे?"

निदान बऱ्याचदा बरोबर यायचं. नाही आलं तर तो यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचा, आणि त्याने बरं वाटायचं. खरे डॉक्टर तरी याहून वेगळं काय करतात, असं त्याचं मत होतं.

असे चारजण त्या खात्यात होते. मग कंपनीच्या वरच्या लोकांच्या लक्षात आलं, की यंत्रांबद्दल विचार करण्याचं काम समुद्रापलीकडे पुष्कळ स्वस्तात होतं. मग चौघांना कॅमेऱ्यासमोर बसवलं. शाखेच्या साहेबांनी सांगितलं, "जे जे माहीत आहे ते सगळं पलीकडच्यांना शिकवा. हातचं राखून ठेवू नका." चौघांनी शिकवलं. शिकवून झाल्यावर तिघांना फुलांचा गुच्छ देऊन निरोप दिला. त्यातल्या एकाने रोपवाटिका काढली, दुसरा मेव्हण्याच्या दुकानात बसायला लागला आणि तिसरा, कधीही विचारा, "बघतोय" म्हणतो.

चौथा गुच्छ डॉक्टरला मिळाला नाही. साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"त्याचं असं आहे डॉक्टर, की डोकं सगळं तिकडे गेलं. पण एखादी वायर उपटायची झाली तर ती तिकडून कशी उपटणार? त्याला इथे हात लागतात. म्हटलं, तुमचे ठेवून घेऊ."

"फक्त हात?"

"फक्त हात. पगार अर्थात हातांपुरताच. आणि करार सहा महिन्यांचा. तिकडून शेरा चांगला आला तर पुढे वाढवू."

पदाचं नावच 'स्थानिक हात' असं होतं. गळ्यात अडकवायच्या कार्डावर फोटो मात्र चेहऱ्याचा छापला होता, ते बहुधा नजरचुकीने.

डॉक्टरची बायको मोटार शिकवणाऱ्या शाळेत शिक्षिका होती. निम्मं गाव तिच्या हाताखालून गेलेलं. नवऱ्याची हकिगत ऐकून ती आधी पोटभर हसली.

"यात नवीन काय आहे? लग्नाच्या वेळी तुम्हीही माझा हातच मागितला होतात. डोकं बरोबर आलं ते फुकट."

"तू हस. या वयात मला दुसरीकडे कोण हाताशी धरणार आहे?"

यावर ती हसायची थांबली. कारण ते खरं होतं. जिथे जिथे यंत्रखोल्या होत्या, तिथली डोकीही त्याच वाटेने गेलेली होती, आणि हातांची प्रत्येक ठिकाणी एकच जोडी लागत होती. हे गेलं, तर डॉक्टरला उरलेलं आयुष्य "बघतोय" म्हणत काढावं लागलं असतं.

नवीन काम सोपं होतं, म्हणूनच ते फार अवघड होतं. कानाला फोन लावायचा. पलीकडून 'केंद्र' बोलणार, ते सांगेल तेवढंच करायचं. हातांनी उत्तरादाखल तीनच गोष्टी बोलायच्या: 'झालं', 'दिसत नाही' आणि 'पुन्हा सांगा'. गप्पा नाहीत, सल्ला नाही, मत तर मुळीच नाही. सगळं बोलणं ध्वनिमुद्रित होई. ते ऐकायला एरवी कुणालाच वेळ नसायचा, पण तक्रार आली की मात्र ऐकत.

आणि तक्रार पहिल्याच महिन्यात आली. पलीकडे तेव्हा एक घोगऱ्या आवाजाचा गृहस्थ असे. तो सांगत होता यंत्र चालू करा, यंत्र बंद करा, यंत्र चालू करा. इकडे डॉक्टरला यंत्राच्या पंख्यात अडकलेला धुळीचा गोळा चांगला दिसत होता. त्याने सवयीने वाकून फू केलं. यंत्र सुरू झालं. दुसऱ्या दिवशी लेखी ताकीद आली.

साहेबांनी ती वाचून दाखवली. "स्थानिक हातांनी परस्पर फुंकर मारली. फुंकर तोंडाने मारतात. तोंड करारात नाही."

"पण यंत्र चालू झालं ना, साहेब."

"तेच तर त्यांचं म्हणणं आहे. ते का चालू झालं याची तिकडे कुणालाच नोंद करता येईना. डॉक्टर, हात जोडून सांगतो, पुन्हा डोकं चालवू नका. आणखी एक ताकीद आली की करार संपला. मग ते हात पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडून हात मागवणार आहेत."

त्यानंतर घोगरा आवाज गेला आणि त्याच्या जागी एका मुलीचा आवाज आला. स्पष्ट, नीटनेटका, शाळेत धडा म्हणून दाखवावा तसा. "स्थानिक हात, तयार आहात?" असं ती विचारायची. तयार आहे असं म्हणायची सोय नसल्यामुळे डॉक्टर "झालं" म्हणायचा. आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी ती म्हणाली, "आता 'पुढे' हे बटण दाबा."

डॉक्टरने यंत्राच्या पुढे बघितलं, मागे बघितलं, स्वेटर सावरत खाली वाकूनही बघितलं.

"दिसत नाही."

"'पुढे' असं लिहिलेलं बटण. निळं आहे."

"दिसत नाही."

मग तोच आवाज एकदम लहान होऊन म्हणाला, "काका, सॉरी. ते तुमच्यासाठी नव्हतं. ते माझ्या पडद्यावर आहे. मी चुकून तेही वाचलं." आणि आणखी हळू, "मी नवीन आहे. अजून कायम केलेलं नाही."

डॉक्टर त्या दिवशी घरात आला तो पायातल्या चपलांसकटच. चपला दाराबाहेर काढायच्या असतात हे विसरण्याइतका तो विचारात होता.

"अगं, ती पोरगी वाचून दाखवते."

"कोण पोरगी? काय वाचून दाखवते?"

"केंद्र. मला वाटत होतं, आमचं डोकं तिकडे जाऊन बसलंय. तर तिलाही विचार करायची परवानगी नाही. कुणीतरी लिहून ठेवलंय, ती ते वाचते, मी ते करतो."

"मग तुमचं ते डोकं गेलं कुठे?"

"वाटेत असेल कुठेतरी," डॉक्टर म्हणाला. "आता सांग, तिच्यासमोर चुकीचं लिहिलेलं आलं तर? तिने ते वाचलं, मी ते केलं, तर यंत्र जाईल आणि पोरगी नोकरीला मुकेल. मी बोललो तर मला ताकीद. म्हणजे माझे हात गेले."

बायकोने पदर खोचला. दिवसभर दुसऱ्यांच्या हातापायांना सूचना देणं हा तिचा धंदाच होता. "चला स्वयंपाकघरात. मी केंद्र, तुम्ही हात. गॅस पेटवा."

"झालं."

"पातेलं ठेवा."

डॉक्टरने पातेलं ओट्यावर ठेवलं. "झालं."

"गॅसवर ठेवा हो. दूध ओता."

"झालं."

मग ती काहीच बोलेना. दूध वर यायला लागलं. डॉक्टरचे हात शिवशिवले. दूध आणखी वर आलं. बायको दुधाकडे बघतच नव्हती, ती नवऱ्याच्या बोटांकडे बघत होती. दुधाने काठ ओलांडला, शेगडी ओलांडली आणि ते ओट्यावरून खाली ठिबकायला लागलं.

"आता गॅस बंद करा."

"झालं."

"पास," ती ओटा पुसत म्हणाली. "इतका कोरा चेहरा मी आपल्या लग्नाच्या फोटोनंतर आजच बघितला."

"पण माझा प्रश्न तसाच राहिला. केंद्र म्हणालं सरळ जा, आणि समोर भिंत असली तर?"

"माझ्या तोंडूनही दिवसातून एकदा डावीकडेऐवजी उजवीकडे असं जातं. कच्चा शिकाऊ असला तर सरळ जाऊन धडकतो. दीडशहाणा असला तर मलाच गाडी शिकवायला बसतो. पक्का असतो तो नुसता ब्रेकवर पाय ठेवतो आणि म्हणतो, मॅडम, काय म्हणालात? तेवढ्यात मला माझी चूक कळते." तिने फडकं पिळलं. "तुम्हाला विचारायची परवानगी आहे ना काहीतरी?"

ती होती. फक्त डॉक्टरने त्या परवानगीकडे या नजरेने कधी बघितलं नव्हतं.

कराराची मुदत संपत आली होती तेव्हाच एका सकाळी वरच्या मजल्यावर पैसे देण्याच्या सगळ्या खिडक्यांमागचे संगणकाचे पडदे काळे झाले. विम्याचे पैसे घ्यायला आलेले लोक रांगेत उभे होते, आणि खिडकीतल्या बाई त्यांना "जरा थांबा" हे वाक्य निरनिराळ्या सुरांत ऐकवत होत्या. साहेब स्वतः यंत्रखोलीत उतरले. थंडीने त्यांचे दात वाजत होते.

"डॉक्टर, लाइनवर आज तिकडचे मोठे साहेब ऐकताहेत. तुमच्या हातांचा आणि त्या मुलीचा, दोघांचाही निकाल आजच आहे म्हणे. डोकं घरी ठेवून आलात ना?"

डॉक्टरने नुसती मान हलवली. मान करारात आहे की नाही हे साहेबांनाही ठाऊक नसावं.

"स्थानिक हात, तयार आहात?" मुलीचा आवाज आज जास्तच नीटनेटका होता. तिच्यामागे कुणीतरी जड श्वास घेत होतं.

"झालं."

"समोरच्या कपाटातलं वरून दुसरं यंत्र. त्याच्या मागची पिवळी वायर काढा."

डॉक्टरने हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. लिहिणाऱ्याने दुसऱ्याच कुठल्यातरी शाखेचं कपाट बघून लिहिलं होतं. या कपाटात मागे दोनच वायरी होत्या: निळी यंत्राची आणि पिवळी फोनची. पिवळी काढली असती तर केंद्राचा आवाज मध्येच तुटला असता, आणि मग हातांना सांगायला कुणीच उरलं नसतं.

"पुन्हा सांगा."

"मागची पिवळी वायर काढा."

"पुन्हा सांगा."

साहेबांनी डोळे वटारले. पलीकडचा जड श्वास थांबला. मुलगीही थांबली. मग अगदी सावकाश, एकेक शब्द पारखून घेतल्यासारखी ती म्हणाली, "मागची... वायर काढा."

"पुन्हा सांगा."

"मागची निळी वायर काढा."

"झालं," डॉक्टर म्हणाला, आणि खरोखरच काढली.

मग वायर साफ करणं, परत बसवणं, यंत्र चालू करणं, हे सगळं मुकाट्याने पार पडलं. डॉक्टरच्या जिवात जीव आला आणि तिथेच त्याचा घोटाळा झाला.

"दिवा हिरवा झाला?" मुलीने विचारलं.

"झालं," तो म्हणाला. एवढी अवघड गोष्ट हातून पार पडल्यावर दिवा हिरवा झाला नसेल असं त्याच्या मनातच आलं नाही.

मग ती म्हणाली, "पुन्हा सांगा."

हे वाक्य तिचं नव्हतं. ते हातांचं होतं. डॉक्टर चमकला. चष्मा वरच्या खिशात होता. तो काढून त्याने डोळ्यांवर चढवला. दिवा पिवळा होता. यंत्र अजून अर्धवट झोपेत होतं, आणि तसंच ते कामाला लावलं असतं, तर सकाळपासूनचा सगळा हिशेब पुसला गेला असता. तिला तिच्या पडद्यावर ते दिसत असणार. पण हातांना खोटं ठरवायची मुभा तिलाही नसणार.

"दिसत नाही," डॉक्टर म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"मग थांबू या."

दोघं थांबली. दिवा हिरवा झाला, आणि वर खिडक्यांवर एकेक पडदा उजळत गेला. लाइनवर एक जाडाभरडा आवाज उमटला, "हे हात ऐकायला कमी आहेत का?"

"थोडे, सर," मुलगी म्हणाली. "पण सांगू तेवढंच करतात."

चार दिवसांनी साहेब करार वाढल्याचं सांगायला आले. "शेरा उत्तम आहे डॉक्टर. 'हात आज्ञाधारक. स्वतःचं काहीही चालवत नाहीत. कान तपासून घ्यावेत.'"

डॉक्टरला आनंद झाला. आनंद झाला याचं थोडं वाईटही वाटलं. इतक्या वर्षांत त्याच्या डोक्याचं कुणी लेखी कौतुक केलं नव्हतं, आणि ते चालवलं नाही म्हणून आता केलं. घरी बायकोने शेरा दोनदा वाचायला लावला. "अशा माणसाला आमच्याकडे लायसन्स देत नाहीत," ती म्हणाली, आणि त्याच्या पानात जरा जास्तच वाढलं.

कचेरीत मात्र सगळे आता त्याच्याशी ओरडून बोलायला लागले. खिडकीतल्या बाई तर जिन्यातून हातवारे करत. त्याने कुणाचा गैरसमज दूर केला नाही. कमी ऐकू येणं त्याच्या पोटापाण्याचा भाग होऊन बसलं होतं.

पुढच्या आठवड्यात लाइन जोडली गेली तेव्हा पलीकडचा आवाज आधी नेहमीसारखाच होता. "स्थानिक हात, तयार आहात?"

"झालं."

"यंत्र बंद करून चालू करा."

"झालं."

"यंत्र जागं व्हायला वेळ लागेल." मग ती किंचित अडखळली. पुढचं ती वाचत नव्हती, हे लगेच कळत होतं. "केंद्र कालपासून कायम झालेलं आहे. आता यंत्रखोलीच्या बाहेर या."

डॉक्टर फोन कानाला लावून बाहेर आला. "झालं."

"खुर्ची घ्या. बसा."

"झालं."

"पाणी प्या. सावकाश."

त्याने शेजारच्या टेबलावरची बाटली उचलली आणि सांगितल्याप्रमाणे सावकाश प्यायला. कितीतरी महिन्यांत त्याला कुणी असं काही करायला सांगितलं नव्हतं. पिता पिता त्याच्या मनात आलं, की ही पोरगी सकाळपासून किती हातांना काय काय सांगत असेल. तिचा घसा कोरडा पडला असेल. तिला कुणी सांगतं की नाही कोण जाणे.

सगळं ध्वनिमुद्रित होत होतं. डॉक्टरने बाटली खाली ठेवली.

"तुम्ही पण प्या," तो म्हणाला.

समुद्रापलीकडे एका बाटलीचं झाकण फिरल्याचा आवाज आला.