लाईन गेली की पत्ता विसरणारी पेटी

१२ मे. आजचं काम: करडीच्या दूध केंद्रातली पेटी लाईन जाऊन आली की नेटवर्कवर का दिसत नाही, ते शोधायचं. मुदत आजचीच.

ही मुदत कंपनीने नाही, माझ्या नणंदेने दिली होती. ती करडीला बायकांच्या गटाचं दूध केंद्र सांभाळते. सकाळी गोळा झालेलं दूध संध्याकाळी टँकर येईपर्यंत थंड टाकीत राहतं. लाईन गेली की टाकीचा कॉम्प्रेसर बंद पडतो, आणि लाईन आल्यावर कधीकधी आपोआप सुरू होत नाही. बटण दाबावं लागतं. ते कोणाच्या लक्षात आलं नाही तर मे महिन्यात गावभराचं दूध नासतं. म्हणून मी जिच्यासाठी घरून काम करते त्या छोट्या कंपनीची एक पेटी तिथे बसवली. तापमान चढलं की पेटीने समोरच्या किराणावाल्याच्या फोनवर निरोप टाकायचा, त्याने येऊन बटण दाबायचं. पेटी एरवी नीट चालायची. लाईन जाऊन आली की मुकी व्हायची, म्हणजे नेमकी तिने बोलायला हवं तेव्हाच.

तेव्हापासून नणंद रोज टाकीजवळ खुर्ची टाकून बसत होती. पण दुसऱ्या दिवशी लाखनीला तिच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं, आणि गटातल्या सगळ्या बायकांना बोलावणं होतं. आमच्याकडे अशा वेळी एकीला मागे ठेवता येत नाही. जिला ठेवाल ती वर्षभर तोंड फिरवते.

दुपारी तिचा फोन आला.

"वहिनी, झालं का?"

"शोधते आहे."

"किती दिस झाले, शोधूनच राहिल्या तुमी. उद्या पोरीले कुंकू लावू का टाकीले लावू?"

"किराणावाल्याला अधूनमधून डोकवायला सांग ना."

"सांगतलं. तो म्हणते, मी का म्हैस आहो, टाकीपाशी बांधून ठेवाले?"

मला हसू आलं. फोन ठेवला आणि पुन्हा कामाला लागले.

अडचण अशी होती की कारध्याला घरी माझ्या टेबलावर त्या पेटीत असतो अगदी तसाच बोर्ड होता आणि तो कधीच चुकत नव्हता. कितीही वेळा रीस्टार्ट केला तरी शहाण्यासारखा नेटवर्कवर यायचा. मग पंखा मंदावला, लाईन गेली, आणि बोर्डचा दिवा मात्र जळत राहिला. माझं टेबल इन्व्हर्टरवर आहे. माझ्या बोर्डने लाईन जाणं कधी पाहिलंच नव्हतं. मी त्याला नुसती आज्ञा देऊन पुन्हा सुरू करत होते. मी वायर उपटली, थोडा वेळ थांबले, परत लावली. बोर्ड उठला तो वेगळाच पत्ता घेऊन.

नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा एक कायमचा पत्ता असतो. केंद्रातला राउटर नोंद असलेल्या पत्त्यालाच आत घेतो, कारण पूर्वी केंद्राच्या भिंतीला टेकून अर्धं गाव फुकटच्या नेटवर क्रिकेट पाहायचं. राउटरचा पासवर्ड दूध संघाच्या माणसाकडे, आणि तो फोन उचलत नव्हता. म्हणजे पेटीलाच तिचा खरा पत्ता आठवायला हवा होता.

बोर्डवर काय काय जोडलं आहे हे कर्नलला, म्हणजे पेटी चालवणाऱ्या मूळ प्रणालीला, आपोआप कळत नाही. ते एका वर्णनाच्या फाइलीत लिहून द्यावं लागतं, आणि प्रत्येक ड्रायव्हर, म्हणजे एकेक भाग चालवणारा छोटा प्रोग्राम, त्यातून आपापल्या ओळी वाचतो. आमच्या फाइलीत लिहिलं होतं की पत्ता शेजारच्या छोट्या मेमरी चिपमध्ये आहे. ते बरोबर होतं. मी चिपवाल्यांनी दिलेला नेटवर्क ड्रायव्हर उघडला आणि ओळीमागून ओळ वाचत गेले. तो त्या मेमरी चिपकडे पत्ता मागत होता. लाईन नुकतीच आलेली असली की चिप तयार नसायची आणि कळवायची, अजून वेळ आहे, पुन्हा विचार. ड्रायव्हर मात्र कुठलंही अपयश आलं की पत्ता नाहीच असं धरून मनाने एक नवा पत्ता तयार करत होता.

करडीपुरता पत्ता थेट फाइलीत लिहून मोकळं होता आलं असतं. पण आमच्याकडे तीच फाइल पुढे दुसऱ्या केंद्रात जाते, आणि मग एकाच पत्त्याच्या दोन पेट्या. तो मोह टाळला. ड्रायव्हरमध्ये दोन ओळी घातल्या: चिप थांब म्हणाली तर सगळं सोडून परत जा, कर्नल पुन्हा बोलावेल तेव्हा ये.

वायर उपटली, लावली. पत्ता खरा. पुन्हा उपटली. खरा.

तरी जीव थाऱ्यावर नव्हता. आधी ड्रायव्हर निदान खोटा पत्ता घेऊन तरी उठायचा. आता करडीची चिप कधी तयारच झाली नाही, तर तो वाट पाहतच राहणार. तिथली चिप मी पाहिलेली नव्हती. मुकी पेटी दुरून दुरुस्तही करता येत नाही. नणंदेने संध्याकाळी विचारलं, "मंग मी जाऊ ना उद्या?" मी म्हटलं, "सकाळी येते, मग ठरवू." ती म्हणाली, "पोरीची मामी असून करडीले येता? लोक का म्हणतील?"

दुसऱ्या दिवशी सकाळी समारंभात नेसायची साडी पिशवीत घातली, लॅपटॉप घेतला आणि स्कूटीने करडी गाठली. दूध नुकतंच टाकीत पडत होतं. नवा ड्रायव्हर चढवला, पेटीचा स्विच बंद केला, चालू केला. बराच वेळ काहीच नाही. नणंद नटून दारात उभी, तिच्या मागे गटाच्या बायका गाडीत. मग पत्ता आला, खरा. टाकीतला तापमापक काढून हातात धरला, तसा किराणावाल्याचा फोन वाजला आणि तो चप्पल न घालता धावत आला.

"जा," मी नणंदेला म्हटलं.

"आन तुमी?"

"मी मागून येते. मुलीला सांग, मामी येते आहे."

गाडी वळणाआड गेली. मी तापमापक परत टाकीत सोडला, किराणावाल्याला दुकानात पाठवलं आणि सगळ्या केंद्राची लाईन जाऊन आली तरी पेटी बोलते का ते पाहायला मेन स्विच खाली ओढला.