शेवग्याची वाळकी फांदी

रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात आम्ही कमिटीचे सातजण होतो. वाळलेला शेवगा तोडायला आठशे रुपये मंजूर झाले होते आणि तोडणारा कुऱ्हाड घेऊन उभाही होता. तेवढ्यात पक्ष्यांच्या पाहणीला आलेली विद्यापीठातली मुलगी म्हणाली, "काका, त्या फांदीत तांबटाची पिल्लं आहेत. उडेपर्यंत थांबा ना."

"फांदी गाडीवर पडली, तर काच विद्यापीठ बसवून देणार का?" सेक्रेटरींनी विचारलं. सगळे हसले.

ती हसली नाही. "तांबट वाळक्या लाकडातच घर कोरतो, काका."

फांदीखालची गाडी माझीच होती. वाद घालण्याचं त्राण हल्ली माझ्यात उरत नाही. मी वर पाहिलं. भोकातून एक चोच बाहेर आली, आत गेली. वाळलेलं ते संपलेलं, असं धरूनच मी इतकी वर्षं घर आणि सोसायटी चालवली.

"गाडी मी रस्त्यापलीकडे लावतो," मी म्हणालो. मग कुणाची हरकत उरली नाही.

आता कामावरून दमून आल्यावर तेवढं जास्त चालावं लागतं. तोडणाऱ्याला फुकट खेपेचे शंभर रुपये मी खिशातून दिले. पावती मागितली नाही.