चेअरमनने अडवलेली वाट

आमच्या सोसायटीचे चेअरमन वारले तेव्हा मी त्यांच्या दारात गेले नाही. लोक म्हणाले, इतकी वर्षं झाली, सोडून दे. मी सोडलेलं नाही आणि सोडायचा विचारही नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही नेरूळला राहायला आलो. वडील मार्केटात माथाडी, आई साताऱ्याकडची, आणि मी नुकतीच एका शाळेत शिकवायला लागले होते. शहर आखणाऱ्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली होती. इमारतींच्या रांगांमधून पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट ठेवली होती. खाली विटा, दोन्हीकडे बदामाची झाडं, मधूनमधून सिमेंटचे बाक, आणि तोंडाशी दोन लोखंडी खांब, ज्यांच्यामधून सायकल जाई पण स्कूटर जात नसे. त्या वाटेने शाळा, भाजीबाजार, बाग सगळं गाठता येई आणि मोठा रस्ता ओलांडावा लागत नसे. चाला, अशी पाटी कुठे लावलेली नव्हती. तरी मुंबईत कोपऱ्यापर्यंत जायलाही बसची वाट बघणाऱ्या बायका इथे आपसूक चालू लागल्या. मी पंचविशी ओलांडल्यावर सायकल शिकले ती याच वाटेवर. पडलेसुद्धा बऱ्याचदा, पण झुडपात पडले, डंपरखाली नाही.

एका दिवाळीनंतर आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "जी काही हालचाल परत यायची ती या पहिल्या महिन्यांतच येईल. रोज चालवा. नंतर कितीही मेहनत केलीत तरी उपयोग नाही." मी आईला रोज त्या वाटेवर न्यायची. कडेच्या बुटक्या कठड्याला डावा हात लावून ती पाय ओढायची. आधी पहिल्या बाकापर्यंत, मग त्याच्या पुढच्या. वाटेने जाणारे तिला नावाजायचे आणि ती लाजून हसायची. उजव्या पायाची बोटं हलायला लागली होती.

तेवढ्यात चेअरमनकाकांनी गाडी घेतली. पांढरी मारुती, सोसायटीतली पहिली. ती ठेवायची कुठे, हा त्यांना प्रश्न पडला आणि उत्तर आमच्या वाटेत सापडलं. त्यांनी मीटिंग बोलावली, चोरांची भीती घातली, सिक्युरिटी हा शब्द दहा वेळा वापरला आणि शेजारच्या सोसायटीलाही पटवलं. आठवड्याभरात वाटेच्या एका टोकाला विटांची भिंत उभी राहिली, दुसऱ्या टोकाचे खांब उपटून तिथे लोखंडी गेट बसलं, आणि किल्ली काकांच्या खिशात गेली.

मी त्यांच्या घरी गेले, आईचं सांगितलं, हात जोडले. ते पेपर वाचत होते. पेपर खाली न ठेवता म्हणाले, "कशाला टेन्शन घेतेस? चालायचंच आहे तर हॉलमध्ये चालवा आईंना. आणि बघ, दहा वर्षांनी इथे कोणी चालणार नाही. सगळ्यांकडे गाड्या असतील."

आमच्या हॉलमध्ये पलंग, टीव्ही आणि शिलाई मशीन होतं. मी आईला मोठ्या रस्त्याने न्यायचा प्रयत्न केला. फूटपाथ नव्हताच, कडेला खडी टाकलेली होती, आणि एक टँकर इतक्या जवळून गेला की ती माझ्या अंगावर कोसळली. त्यानंतर तिने चप्पल पायात घालायलाच नकार दिला. सरकारी ऑफिसात मी खेटे घातले. तिथला साहेब म्हणाला, नकाशात वाट आहे हे बरोबर, पण तक्रार सोसायटीच्या चेअरमनच्या सहीने आणा. बोटांची हालचाल थांबली. आई दिवसभर खिडकीतून गेटकडे बघत बसायची आणि मी आईकडे बघायची. त्या दिवसांत मी चेअरमनकाकांचं वाईट व्हावं म्हणून रोज देवापुढे दिवा लावायची. हे सांगायला मला लाज वाटत नाही.

फाल्गुनात एकदा मासळीवाली मावशी दारात टोपली टेकवून बसली. ती शेजारच्या जुन्या गावातली. शहर यायच्या आधी गावाची खाडीकडे जायची वाट तीच होती, आणि आखणाऱ्यांनी ती तशीच राखून तिच्यावर विटा घातल्या होत्या, हे मला तिच्याकडून कळलं. भिंतीकडे हनुवटी करून ती म्हणाली, "चैत्री पुनवेला आमच्या गावदेवीची पालखी याच वाटंनी खाडीवर जाते. आता कशी जाल?" दरवर्षी एकदा वाटेवरून ढोल वाजत जायचा, पण त्याची तिथी आमच्या सोसायटीत कोणी लक्षात ठेवली नव्हती.

"वळून मोठ्या रस्त्याने जाईल ना?"

"नाय गो. पालखी पाठी फिरत नाय. जिथं अरली तिथंच बसते. आनि ज्यानी अरवली, त्यानीच वाट मोकली करायची."

मी तिच्याकडून त्या दिवशी गरजेपेक्षा जास्त बोंबील घेतले.

काकांना गेटच्या आत शेड घालून पार्किंगची रीतसर पूजा करायची होती. त्यांनी मला दिवस विचारला, कारण मी शिक्षिका, पंचांग बघणारी. मी म्हणाले, "चैत्री पौर्णिमा बघा ना, काका. संध्याकाळची वेळ उत्तम. ऑफिसचे पाहुणेही सवडीने येतील." त्यांनी माझी पाठ थोपटली. पूजेच्या दिवशी गेटसमोर रांगोळी मी काढली. इतकी सुबक रांगोळी मी पुन्हा कधी काढली नाही.

गेट सताड उघडं होतं. आत हार घातलेली मारुती, भिंतीला टेकून खुर्च्या, खुर्च्यांत काकांचे साहेब लोक, मध्ये पूजेचा चौरंग. ढोल आणि बेंजो ऐकू आला तेव्हा पाहुण्यांना वाटलं, काकांनीच वाजंत्री आणलीय. पालखी गेटमधून आत आली, मारुतीच्या कडेने सरकत भिंतीपर्यंत गेली आणि थांबली. बेंजो बंद झाला. खांदेकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पालखी काकांच्या चौरंगावर ठेवली. मागचं सगळं गाव, बायामुलांसकट, विटांवर मांडी घालून बसलं.

काका हसत हसत पुढे आले. "मागे घ्या ना जरा. मेन रोडने जाता येईल."

पुजारी शांतपणे म्हणाला, "देवी पाठी फिरत नाय, साहेब. आमी बसलो हाव."

कोणी आवाज चढवला नाही. साहेब लोक घड्याळ बघू लागले, पण बाहेर पडायला जागा नव्हती. काकांनी गडबडीत देवीपुढे नोटा ठेवल्या, त्या पुजाऱ्याने उचलून परत त्यांच्या हातात दिल्या. शेवटी काकू खाली आल्या. त्यांनी देवीची ओटी भरली आणि सगळ्यांसमोर नवऱ्याला म्हणाल्या, "भिंत पाडा. आत्ता."

गावातल्या कोणीतरी पहार आणली आणि काकांच्या हातात दिली. पहिला घाव ज्याने अडवलं त्याचा. कडक इस्त्रीच्या सफारीत त्या माणसाने पहार उचलली तेव्हा मी पुढे जाऊन उभी राहिले, मला नीट दिसावं म्हणून. पहिल्या घावाला नुसतं प्लास्टर उडालं. दुसऱ्याला वीट हलली. मग गावातल्या पोरांनी हात लावला आणि थोड्या वेळात पालखी भगदाडातून पलीकडे गेली. साहेब लोकांच्या कपड्यांवर धूळ बसली होती. मला त्या संध्याकाळी दोन वेळा वाढून घ्यावंसं वाटलं, आणि मी घेतलं.

गेटला पुन्हा कुलूप लागलं नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून मी आईला परत वाटेवर नेऊ लागले. पहिल्या बाकाच्या पुढे ती जाऊ शकली नाही. तिने खूप केलं, मीही केलं. उन्हाळा संपला, पाऊस आला आणि गेला. डॉक्टरांनी पायाला टाचणी टोचून पाहिली आणि आता जेवढं आहे तेवढंच, असं सांगितलं.

पुढे दिवाळीत काका आमच्याकडे पेढे घेऊन आले. पुन्हा निवडणूक होती, त्यांना आमच्या घरातली मतं हवी असणार. आईसमोर खुर्ची ओढून म्हणाले, "झालं गेलं विसरा, वहिनी. वाट आता मोकळीच आहे ना?"

मला वाटलं होतं, आई नेहमीसारखी हसेल आणि चहा ठेव म्हणेल. सूड माझा आहे, असं मी समजत होते. आईने डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा.

"वाट मोकळी झाली," ती म्हणाली. तिची जीभ अजून जड होती, म्हणून सावकाश. "पर माजं चालायचं महिनं गेलं. ते आणून द्या सायेब. मंग इसरते."

काका खुर्ची मागे सारून उठले. मी पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातात परत दिला आणि ते उंबऱ्याबाहेर गेल्यावर दार लावून घेतलं.