रमाचे बारा मासे

मला एक सांगा, घराची किल्ली कोणाच्या भरवशावर सोडावी? ज्याला काहीच कळत नाही त्याच्या, की ज्याला आपल्याला सगळं कळतं असं वाटतं त्याच्या? थांबा, घाई नको. चहा घ्या, आधी माझी फजिती ऐका.

इथे परदेशात, हॅरिस पार्कात माझं किराणा दुकान. शाळा नववीत सुटली, पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. राहतो स्कोफिल्ड्सला. समोरचे कांबळे चार आठवड्यांसाठी नागपूरला निघाले, तेव्हा त्यांची अकरा वर्षांची रमा किल्ली घेऊन आली. तिच्या खोलीत काचेची मोठी टाकी, टाकीत काँगो टेट्रा नावाचे बारा मासे. आफ्रिकेच्या जंगलातल्या ओढ्यांत थव्याने राहणारे, बोटभर लांब, अंगावर मोरपंखी-सोनेरी पट्टा. पोरीचा जीव की प्राण!

"काका, रोज एक चिमूट फूड. बाकी काही टच करायचं नाही. प्रॉमिस?"

"अगं, नो वरीज! तीस वर्षं दुकान सांभाळतोय, बारा मासे सांभाळणार नाही?"

तीन आठवडे चिमूट टाकली. पण ते पाणी! पाणी कसलं, कोरा चहा! तळाशी कुजकी पानं. आता तुम्हीच सांगा, शेजारणीचं भांडं आपण कधी खरकटं परत करतो का? चौथ्या आठवड्यात मला राहवेना. पानं कचऱ्यात फेकली, दगड घासले, पाणी बदललं, त्यात नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारणारे, दुकानातून आणलेले थेंब टाकले. वर माझ्या काउंटरचा पांढरा दिवाही लावला. टाकी कशी, आरशासारखी लख्ख!

दुसऱ्या दिवशी बघतो तर बाराही मासे फिल्टरच्या मागे गठ्ठा करून बसलेले. रंग उडालेला. खायला तोंड उघडेनात!

"अहो," आमची सुनंदा म्हणाली, "तुम्हाला कोणी भर उजेडात चौकात आंघोळीला बसवलं, तर तुम्हाला तरी घास उतरेल का?"

रमा यायला चार दिवस उरले. पोरीला काय तोंड दाखवू? गपचूप मासे बदलायचे ठरवून मी माशांचं दुकान गाठलं. "ट्वेल्व्ह काँगो टेट्रा, मेट!" तिथल्या गोऱ्या दुकानदाराने मासे पिशवीत भरले, गाठ मारली. आणि माझी जीभ कुठली गप्प बसते? माझी टाकी किती स्वच्छ, ते मी रंगवून सांगितलं.

तो थबकला. "मेट, हे झाडांच्या सावलीतले मासे. पानं पडून पाणी ब्राउन होतं, तेच त्यांचं घर. यू वॉश्ड देअर होम!"

आणि त्याने पाकीट पुढे केलं. वाळलेली बदामाची पानं! विकायला! मी आयुष्यभर धण्यातल्या काड्या निवडून फुकट फेकत आलो, आणि हा पठ्ठ्या पाला विकतोय!

पाला घेतला. बारा मासेही घेतले, कारण बांधलेला माल परत करणं आमच्या धंद्यात बसत नाही. शिवाय जुने जगतील याची खात्री कुणी द्यावी?

पानं टाकली, दिवा काढला, नवे बाराही टाकीत सोडले. तिसऱ्या दिवशी पाण्याला चहाचा रंग आला आणि फिल्टरमागून एक मासा डोकावला. मग दुसरा. मग सगळे! रंग परतले, जुने-नवे एक थवा झाले. मी आनंदाने टाळ्या पिटल्या. मग मोजले. चोवीस!

शनिवारी रमा बूट न काढताच टाकीपाशी धावली. काचेवर बोट फिरू लागलं.

"काका... ट्वेंटी-फोर?"

"अगं, बाळं झाली त्यांना!"

"इन अ मंथ? फुल साइज?"

मागून सुनंदा म्हणाली, "शेजाऱ्याचं भांडं रिकामं देऊ नये म्हणतात ना, तुझ्या काकांनी दुप्पट भरून दिलं!"

मग काय, सगळं कबूल केलं. रमाने माझ्या हातातली किल्ली काढली आणि सुनंदाच्या हातात ठेवली. "नेक्स्ट टाइम तुम्ही, काकू."

"अगं, मला माशांतलं ओ की ठो कळत नाही!"

"दॅट्स व्हाय!"

आता द्या माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर! आणि एवढं ऐका: कुणाचे मासे सांभाळायला घेतलेत, तर मोजून घ्या, मोजून द्या, आणि एक जरी वाढला, तरी हिशेब खरा सांगा. पोरं मोजतात हो!