भरा हाय

जॉबरकाका यंत्राशी तळहाताने बोलायचे. नारपोलीत आमच्या खोलीसमोरच्या यंत्रमाग कारखान्यात बिघडलेले लूम दुरुस्त करणं हे त्यांचं काम. आयुष्यभराच्या खडखडाटाने कान पार गेले होते, पण चालत्या लूमवर हात ठेवून ते नेमका दोष सांगायचे. "आधी हात ठेव, मंग पाना उचल," हे त्यांचं सगळ्यांना सांगणं.

दहावीनंतर बाबा मला शिवणक्लासला घालणार होते. काका येऊन आमच्या उंबऱ्यात बसले. "पोरीच्या हातात कला हाय. तिला आयटीआयला घाल." बाबांनी बरीच कारणं सांगितली, पण काकांना त्यातलं एकही ऐकू आलं नाही! शेवटी बाबाच थकले.

पुढे कारखाना बंद पडला आणि काका पडघ्याजवळ गावी गेले. कॉल करून उपयोग नव्हता. त्यांचं सगळं बोलणं मेसेजवर, बटणांच्या फोनवरून. तो फोन विहिरीत पडला. पुतण्याने नवा, काचेचा आणून दिला आणि तीन आठवडे काकांचं एक अक्षर आलं नाही. माझा जीव टांगणीला लागला. रविवारी पडघ्याची एसटी पकडली.

काका ओटीवर होते, फोन शेजारी पालथा. "काचेला हात लावून काय कळनार? बटन दाबला का न्हाय, बोटाला समजतच न्हाय. आता माझा बोलना बंद झाला, पोरी." इतके हरलेले काका मी कधी पाहिले नव्हते.

मी कीबोर्डचं व्हायब्रेशन पूर्ण वाढवलं आणि त्यांचं बोट एका अक्षरावर टेकवलं. काका दचकले. पुन्हा दाबून पाहिलं.

"अगं, ह्यो तर जित्ता हाय!"

फक्त बटणं जोर लावून दाबायच्या जुन्या सवयीने ते पहिलं अक्षर दाबून धरायचे आणि 'बरा'चा 'भरा' व्हायचा. त्यामुळे रोज सकाळी मला मेसेज यायचा, "भरा हाय. तू?" मी ते कधीच सुधारलं नाही.

काका गेल्या उन्हाळ्यात वारले. मी मानकोलीच्या गोदामात सामान वाहणारे पट्टे दुरुस्त करते आणि झाकण उघडण्याआधी मोटरवर हात ठेवते. बरोबरचे हसतात, हसू देत. काका नसते तर मी आज फॉल-बीडिंग करत बसले असते, आणि मला अजून सुई धड ओवता येत नाही. त्यांचे उपकार मी कशाने फेडणार?

आता कोणी खुशालीचा मेसेज केला की उत्तर लिहिताना मी 'ब' मुद्दाम दाबून धरते. बोटाखाली काच थरथरते. मग पाठवते, "भरा हाय."